पाटी न वाचता पाण्यात

‘तुमची सुट्टी आनंदात गेली असेल अशी आशा आहे,’ हे त्या पत्रातलं पहिलं वाक्य होतं. दुसऱ्या वाक्यात बोट भाड्याने देणाऱ्या यार्डाने आमच्या ३०० पौंडांच्या अनामतीतून २४० पौंड कापून घेतले होते.

हे पत्र आलं तेव्हा मी नाशिकला परतलो होतो. रागाच्या भरात चार पानी उत्तर लिहिलं, लेकीने ते दीड पानावर आणलं, आणि त्यावर पुन्हा तसंच गोड उत्तर आलं. त्याला आता बरेच दिवस झाले. पण इंग्लंडात मुलं असलेला जो तो विचारतो, ‘काय हो, तुम्ही म्हणे टेम्समध्ये बोट चालवलीत? आम्हीही जाऊ म्हणतोय.’ प्रत्येकाला पहिल्यापासून सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकलेलं बरं.

मी पंचवटीत वाढलो. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. पावसाळ्यात गंगेवर जायचं तर आधी विचारतो, ‘दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलंय?’ नदीपात्रात उभ्या असलेल्या या दोन तोंडांच्या मूर्तीच्या पायाला, कमरेला, छातीला की गळ्याला. १९६९चा पूर घरातल्या थोरांकडून ऐकला. २००८, २०१६ आणि २०१९चे स्वतः पाहिले. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं ते पेपरात दुसऱ्या दिवशी येतं. घाटावरच्या दुकानदाराचं सामान त्याआधीच वर गेलेलं असतं, कारण त्याने मारुतीकडे पाहिलेलं असतं. अशा गावातला माणूस परक्या नदीत पाटी न वाचता शिरला. यार्डाचा राग येतोच. त्याहून जास्त स्वतःचा येतो.

दिवाळी त्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटाला होती. आम्ही दोघं रेडिंगला लेकीकडे गेलो होतो, पुण्याहून व्याही-विहीणबाई आले होते. सहा माणसं, दोन खोल्यांचं घर आणि बाहेर पाऊस. जाहिरात माझ्याच नजरेला पडली, बुकिंगही मीच करायला लावलं, हे आधीच कबूल करतो, कारण घरात अजून त्यावर बोलणी होतात. बोट म्हणजे चालतं घर: झोपायला सहा जागा, ओटा, शेगडी, हीटर, दोन संडास. परवाना लागत नाही, अर्ध्या तासात शिकवतो, असं लिहिलेलं. शनिवार ते शनिवार सात रात्रींचे, ऑगस्टच्या जवळपास निम्म्या भावात, १ लाख ४० हजार रुपये. निम्म्या भावात का, हे विचारायचं माझं वय नव्हतं म्हणावं, तर मी तेव्हा बासष्टचा होतो.

यार्डाचं आणि त्या गावाचं नाव देत नाही. गोरिंगच्या वरच्या अंगाला कुठेतरी, एवढंच. दुपारी तीनला पोचलो. पंचविशीतला एक मुलगा, अतिशय विनयशील. सुकाणूचं चाक, गॅसची टाकी, पाण्याची टाकी, संडासात काय टाकायचं नाही, सगळं पंचवीस मिनिटांत उरकलं. व्याह्यांनी नदीकडे बघून विचारलं, “पाणी जरा जास्तच दिसतंय, नाही?” तो हसून म्हणाला, “आठवडाभर पाऊस आहे ना, थोडी ओढ आहे. मजा येईल तुम्हाला.” मग चार पानांचा करार पुढे केला. जिथे सही करायची तिथे पेन्सिलने फुल्या मारून ठेवल्या होत्या. सातपूरच्या कारखान्यात मी पस्तीस वर्षं क्वालिटीत काढली. दाखला जोडलेला नाही म्हणून मालाचे भरलेले ट्रक गेटवरून परत पाठवले. त्या दिवशी मी छत्री मानेत धरून, पाठ वाकवून, त्या चारही फुल्यांवर सह्या ठोकल्या.

आणखी एक गोष्ट कोणी सांगितली नाही. त्याच रात्री इंग्लंडात घड्याळं तासभर मागे होतात. ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. नाशिकला फोन लावताना साडेचार तासांचा फरक धरायची सवय झाली होती, तो एका रात्रीत साडेपाच झाला. त्याचं काही नाही. पण रविवारी सूर्य पावणेपाचच्या आत मावळला, आणि करारानुसार भाड्याची बोट अंधारात हलवायची नाही. म्हणजे दिवस गेला अर्ध्यावर. मी केलेल्या वेळापत्रकात आम्ही विंडसरचा किल्ला बघून परत येत होतो. ते वेळापत्रक अजून माझ्याकडे आहे, रंगीत आहे.

पहिले दोन दिवस सुखाचे गेले, ते नाकारणार नाही. टेम्सला जागोजागी बंधारे आहेत आणि प्रत्येक बंधाऱ्याशेजारी बोटींसाठी लॉक. लॉक म्हणजे दोन्हीकडे दारं असलेला दगडी हौद. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, पाणी खाली सोडायचं, बोट पाण्याबरोबर उतरते, मग पुढचं दार उघडतं. लेचलेडपासून टेडिंग्टनपर्यंत अशी चाळिसाच्या वर लॉक आहेत. क्लीव्ह आणि गोरिंग ही दोन तर इतकी जवळ की एकातून निघून चहा ओतेपर्यंत दुसरं येतं. सकाळी धुकं, काठाला हंस, विहीणबाईंच्या चकल्या. मेपलडरमची पाणचक्की दिसली तेव्हा जावई एकदम उठून उभा राहिला. एका इंग्रजी रॉक बँडच्या १९७० सालच्या पहिल्या रेकॉर्डवर तीच चक्की आहे म्हणे. आम्हा चौघांना तिचं पीठ कसं निघतं यात रस होता.

हिने पोह्यांना फोडणी दिली आणि धुराचा भोंगा वाजायला लागला. शेजारच्या बोटीवरचा गृहस्थ धावत बाहेर आला. लॉकमध्येही एक प्रसंग घडला. दोर खुंट्याला वेढा देऊन हातात धरायचा असतो. हिने तो घरच्या सवयीने गाठ मारून बांधला. पाणी उतरायला लागलं, बोट त्या दोराला एका अंगाने टांगून राहिली, आणि कपाटातली सगळी भांडी एकदम बोलली. लॉककीपरने वेळेत पाणी थांबवलं म्हणून निभावलं. शिकवणीच्या पंचवीस मिनिटांत हे सांगितलं होतं का? यार्डातला मुलगा सांगितलं म्हणतो. सहापैकी एकालाही आठवत नाही.

सोमवारी पाण्याची चाल बदलली. रेडिंगच्या खाली सॉनिंगला विटांचा जुना पूल आहे, अठराव्या शतकातला, कमानी बऱ्याच पण बोट जाईल अशी बेताची. लॉकमधून सुटलो आणि पूल आमच्याकडे यायला लागला. मी गती कमी केली, बोट तेवढ्याच गतीने चालली. रिव्हर्स टाकला, बोट आडवी व्हायला लागली. जावई ओरडला, “बाबा, पुढे घ्या, पुढे!” पुढे घेतलं तेव्हा चाक हाताला लागलं आणि आम्ही कमानीतून निघालो. उजव्या अंगाला काही तरी घासलं. कोणी बोललं नाही. व्याह्यांनी खिशातून वेलदोडा काढून मला दिला.

शिपलेकच्या लॉकखाली लॉडन नदी येऊन मिळते आणि टेम्सच्या पाण्यात आणखी भर पडते. हेन्लीच्या आधीच्या मार्श लॉकवर पोचलो तेव्हा पांढऱ्या केसांचे लॉककीपर आमच्या दोराला हात देत म्हणाले, “हेन्लीला बांधा आणि बांधलेलीच ठेवा. उद्या लाल पाटी लागेल.” मी विचारलं, कसली लाल पाटी? त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग शांतपणे म्हणाले, “पिवळी गुरुवारपासून आहे. तुम्हाला यार्डातून सोडलं कसं?”

गुरुवारपासून. आम्ही बोट घेतली शनिवारी.

त्या रात्री हेन्लीच्या काठाला, पावसाचा आवाज ऐकत, मी फोनवरचे फोटो मागे सरकवत गेलो. शनिवारी संध्याकाळी पहिल्याच लॉकवर मी हिचा फोटो काढला होता. हातात चकली, डोक्यावर लेकीची लोकरी टोपी. तिच्या खांद्यामागे, लॉकच्या दारावर, पिवळी पाटी. प्रवाह वाढतो आहे, सावधान. फोटो मोठा करायची गरजही नव्हती, अक्षरं तेवढी मोठी होती. मी ती पाटी तेव्हा पाहिली होती. आपल्याकडे कसारा घाटात ‘वाहने सावकाश हाका’ लिहिलेलं असतं, त्यातलीच एक समजलो. त्या देशात सावधानतेच्या पाट्या जिथे तिथे असतात. कॉफीच्या पेल्यावरसुद्धा लिहिलेलं असतं की आत गरम आहे.

ती पाटी तशी नसते. टेम्सचा हा गोड्या पाण्याचा भाग सरकारच्या पर्यावरण खात्याच्या ताब्यात आहे आणि पाट्या ते खातं लावतं. पिवळी पाटी दोन प्रकारची. ‘प्रवाह ओसरतो आहे’ असेल तर इंजिनाच्या बोटींनी जपून जावं. ‘प्रवाह वाढतो आहे’ असेल तर इंजिनाच्या बोटींनीही सुरक्षित जागा गाठून बांधून ठेवावं, कारण पुढे कधीही लाल लागू शकते. आणि लाल म्हणजे कोणीच हलायचं नाही. हे सगळं त्या खात्याच्या संकेतस्थळावर लॉकवार दिसतं. म्हणजे मला नाशिकला बसूनही दिसलं असतं. आणि यार्डातल्या त्या हसऱ्या मुलाला तर समोरच दिसत होतं.

मंगळवारी लाल लागली. यार्डाला फोन केला. या वेळी मॅनेजरबाई होत्या, त्याही तितक्याच गोड. “लाल पाटी आहे तोवर बोट हलवू नका, सुरक्षितता महत्त्वाची. हीटर चालू आहे ना? हेन्ली फार सुंदर गाव आहे.” मी म्हणालो, बाई, आम्ही नदीत फिरायचे पैसे भरलेत, काठाला राहायचे नव्हे. त्या म्हणाल्या, “आपली निराशा मी समजू शकते.” हे वाक्य मी त्या आठवड्यात चार वेळा ऐकलं. समजून त्या काही करत नव्हत्या. शेवटी कराराचं नववं कलम दाखवलं: नदीच्या स्थितीमुळे बोट थांबली तर परतावा नाही. पोटकलम: बोट यार्डात परत आणता आली नाही तर आणण्याचा खर्च ग्राहकाचा. खाली माझी सही, पेन्सिलच्या फुलीवर.

मला त्यांच्या कलमाबद्दल म्हणायचं नाही. नदी कोणाच्या हातात नसते. पण पिवळी पाटी दोन दिवस दारात लागलेली असताना किल्ली देणं आणि ‘मजा येईल’ म्हणणं, हे कुठल्या कलमात बसतं?

मंगळवारची रात्र लक्षात राहील. दोनच्या सुमारास जाग आली ती उशी भिंतीकडे घरंगळल्यामुळे. नदी वर चढली होती, आम्ही दोर ताणून बांधले होते, आणि त्या दोरांनी बोटीची काठाकडची बाजू खाली ओढून धरली होती. व्याही आणि मी स्वेटरवर लाइफ जॅकेट चढवून बाहेर आलो. बॅटरी त्यांच्या तोंडात, ओला दोर माझ्या हातात. थोडा थोडा सैल करत बोट सरळ केली. पहाटेपर्यंत आळीपाळीने जागलो. गंगेला पाणी आलं की घाटावरचे लोक असंच करतात, दर तासाला एक पायरी मागे. व्याह्यांशी माझं एरवी फारसं जमत नाही, कारण इथे नको. पण त्या रात्री त्यांनी एकदाही ‘मी म्हणालो होतो’ म्हटलं नाही, आणि ते खरंच म्हणाले होते.

बाकीचे दिवस हेन्लीत काढले. तिथल्या पुलाचं काम १७८६चं, पाच कमानींचा दगडी पूल. त्याच्या मधल्या कमानीच्या माथ्यावर दोन्ही अंगांना एकेक दगडी मुखवटा आहे, ॲन डेमर नावाच्या बाईने कोरलेला. एक इसिस, टेम्सचंच ऑक्सफर्डकडचं नाव, दुसरा टेम्स. एक तोंड येणाऱ्या पाण्याकडे, एक जाणाऱ्या. ही म्हणाली, “अहो, हा तर यांचा दुतोंड्या मारुती.” मी काही बोललो नाही. चार दिवस मी रोज सकाळी त्या पुलाशी जाऊन पाणी कुठवर आलं ते बघत होतो. शनिवारी बघायचं ते मंगळवारी बघत होतो.

एक चांगली गोष्ट झाली. हेन्लीपासून टॅक्सीने स्टोक रो नावाच्या खेड्यात गेलो. तिथे काशीच्या महाराजांनी बांधून दिलेली विहीर आहे. त्या भागातला एक इंग्रज अधिकारी काशीकडे नोकरीला होता. आपल्या गावाकडे पाण्याचे किती हाल आहेत, हे त्याने महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंहांना सांगितलं होतं, ते त्यांनी लक्षात ठेवलं. १८६४ साली विहीर गावासाठी खुली झाली. खोली ३६८ फूट, हाताने खणलेली, वर सोनेरी घुमटाची छत्री आणि हत्ती. टेम्सला पूर आलेला आणि आम्ही तिथून काही मैलांवर पाण्याच्या दुष्काळाची गोष्ट ऐकत उभे. हेन्लीला गेलात तर ही विहीर चुकवू नका. बोट लागत नाही.

शनिवारी सकाळपर्यंत लालच होती. सामान उचलून बसने लेकीच्या घरी आलो, जेमतेम अर्ध्या तासाचं अंतर. सात रात्रींपैकी पाच रात्री आम्ही लेकीच्या घरापासून अर्ध्या तासावर, दुप्पट भाड्याच्या अर्ध्या खोलीत राहिलो.

आता जाणाऱ्यांसाठी, जे सुचतं ते.

पैसे भरण्याआधी यार्डाला ईमेलवर एकच प्रश्न विचारा: ‘बोट द्यायच्या दिवशी पिवळी वा लाल पाटी असेल तर तुम्ही काय कराल?’ तारीख बदलून देऊ, असं लेखी आलं तर भरा. फोनवर विचारू नका. फोनवर सगळे गोड असतात.

जायच्या तीन दिवस आधीपासून पाट्यांची स्थिती रोज बघा. यार्डात पोचल्यावर सर्वांत जवळच्या लॉकवर चालत जा आणि दार बघा. सही त्यानंतर.

आधी प्रवाहाच्या उलट जा, परतताना प्रवाहाबरोबर या. आम्ही उलटं केलं. खाली जाताना सगळं सोपं वाटतं आणि तेच फसवतं. पाणी वाढलं तर परतीचा रस्ता बंद होतो, आणि तुम्ही यार्डापासून लांब असता.

अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, लॉकमध्ये मोजा. वेगमर्यादा ताशी ८ किलोमीटर आहे आणि एकेक लॉक पंधरा-वीस मिनिटं खातं, रांग असेल तर जास्त. ऑक्टोबरात दिवसाचे सहा तास धरा.

लॉकमध्ये दोर बांधायचा नाही, वेढा देऊन धरायचा, बोटं दोर आणि खुंट्याच्या मध्ये घालायची नाहीत. काठाला बांधताना नदी चढती असेल तर दोर थोडा सैल ठेवा आणि रात्री उठून बघा.

बोट ताब्यात घेताना चारही बाजूंनी व्हिडिओ काढा. आमच्या बोटीचं उजवं अंग सॉनिंगला घासलं हे मी मान्य करतो. पण पुढचा पोचा जुना होता, आणि आमच्याकडे त्याचा पुरावा नाही.

फोडणी खिडकी उघडून द्या, पण थंडी वाजते म्हणून हवेची भोकं कापडाने बुजवू नका. गॅस आणि हीटरचा विषारी वायू आत साठतो, त्याला वास नसतो. हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

बूट सपाट, रबरी तळाचे. साडी नको. लाइफ जॅकेट सगळ्यांनी घालावं, पोहता येणाऱ्यांनीही. ज्येष्ठांनी गोळ्या वेगळ्या पिशवीत ठेवाव्यात. एकमेकांशी समजुतीने वागावं. आमच्या प्रवासी विम्यात लाल पाटी बसली नाही. तुमच्यात बसते का ते आधी विचारा.

आणि करार बसून वाचा. पावसात उभं राहून कुठलीही सही करू नये, मग समोरचा कितीही गोड बोलो.

घरात अजून म्हणतात, घाई तुम्हीच केलीत. केली. पण नदी यार्डाच्या दारात होती आणि पाटी त्यांना वाचता येत होती. माझ्या दीड पानी पत्राला शेवटचं उत्तर आलं ते असं: निराशा समजू शकतो, पुढच्या हंगामात आमच्याकडे आलात तर दहा टक्के सवलत देऊ. मुदत एक वर्षाची होती. ती मागच्या महिन्यात संपली.